करंजी फुटली तरी

मैत्रिणींनो, साकीनाक्याहून एक भगिनी लिहितात, ‘नाताळ आला की दोन खोल्या घासूनपुसून, फराळ करून जीव मेटाकुटीला येतो. एक करंजी फुटली तरी चैन पडत नाही. प्रार्थनेला बसावं तर मन स्वयंपाकघरात! काय करू?’

ताई, पंडिता रमाबाईंचं उदाहरण पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तरी मनाला शांती नव्हती. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे १९०७ मध्ये लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की कृपा ही कष्टाची मजुरी नव्हे, ते दान आहे. मग काम सुटलं का? छे! केडगावचं मुक्ती सदन त्यानंतरचंच. सुटली ती मनाची तगमग.

लूकच्या शुभवर्तमानातल्या मार्थेलाही प्रभूने ‘रांधू नकोस’ म्हटलं नाही. तिची दगदग तेवढी दाखवून दिली.

तेव्हा यंदा दोनच पदार्थ करा. मोरी यजमानांना घासू द्या. फुटलेली करंजी मुलांना द्या, तीच आधी संपते! आणि निजण्यापूर्वी दहा मिनिटं, हातात काहीही न घेता, प्रभूपाशी नुसत्या बसा.