‘आपल्यातले’ म्हणजे कोण?

आगमनकाळ जवळ आला की आम्हा धर्मगुरूंची एक ठरावीक धावपळ सुरू होते. जांभळी वस्त्रे पेटीतून बाहेर निघतात, हिरव्या पानांच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती बसवली जाते, प्रायश्चित्त संस्कारासाठी शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मबंधूंना निरोप जातात आणि नाताळगीतांच्या फेरीचे वेळापत्रक फलकावर लागते. खानदेशात हे दिवस कापूस वेचणीचे. मळ्यांत भरताची वांगी आलेली असतात, पहाटे बोचरी थंडी पडते आणि पुष्कळ घरांना कुलूप असते, कारण घरची माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. उरलेल्यांना एकत्र करून आम्ही सांगतो, प्रभूचा मार्ग तयार करा. सांगून झाले की पुढच्या वस्तीवर जातो. असे आम्ही वर्षानुवर्षे केले. गेल्या आगमनकाळात मात्र शिंदखेड्याजवळच्या एका गावी आमच्या ध्यानात आले, की ज्या मार्गाविषयी आम्ही प्रवचने देत होतो तो अडवून आम्हीच उभे आहोत.

त्या गावात आमची घरे थोडी. काही नाल्याच्या अलीकडे, काही पलीकडे. मंदिर नाही, कोणाच्या तरी ओट्यावर मिस्सा होते. तिसऱ्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण आणि एक तरुणी आमच्यापाशी आली. एक अलीकडचा, एक पलीकडची. दोघांचाही बाप्तिस्मा एकाच नोंदवहीत लिहिलेला. विवाह करावयाचा आहे, म्हणाली. घोषणा केव्हा होईल? आम्हांला आनंद झाला. पण मुलीचे आजोबा, ज्यांनी त्या गावात प्रार्थना टिकवून धरली असे आम्ही नेहमी अभिमानाने सांगत आलो, ते खाटेवरून न उठता अहिराणीत म्हणाले, “त्या आपला नहीत.” ते लोक आपल्यातले नाहीत.

जातींची नावे आम्ही मुद्दामच देत नाही. ती दिली की वाचक त्या दोन जातींविषयी बोलू लागतील आणि स्वतःची सुटका करून घेतील.

आम्ही म्हटले, “बाबा, एकच प्रभू, एकच बाप्तिस्मा, एकाच भाकरीतून आपण खातो, मग आपले नाहीत म्हणजे काय?” आजोबांनी शांतपणे विचारले, “फादर, एका भाकरीतून कुठे खातो? तुम्ही स्वतः दोन मिस्सा करता ना? दहाची आमची, बाराची त्यांची.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. काही वर्षांपूर्वी मिस्सा कोणाच्या ओट्यावर व्हावी यावरून वाद झाला होता, आणि तो मिटविण्यासाठी आम्ही ही व्यवस्था लावून दिली होती. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकावे लागू नये, म्हणून दोन वेळा, दोन ओटे, नाताळगीतांच्याही दोन फेऱ्या. भांडण थांबले. आम्ही त्याला शांती म्हटले, आणि वार्षिक अहवालात ‘दोन ठिकाणी नियमित मिस्सा’ अशी नोंद करून प्रगती झाल्याचे समाधानही मानले. त्या दोघांनी फेब्रुवारीत सुरतेला जाऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलीची आई आता तिच्याशी फोनवर बोलते, तेही आजोबा शेतावर गेले म्हणजे.

हा प्रश्न एका गावाचा नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की मिशनरी आले ते वाड्यावाड्यांतून आले. एका वाड्याने एक मिशन धरले तर शेजारच्या वाड्याने दुसरे. नगर जिल्ह्यात एकाच गावात दोन उपासनामंदिरे का उभी राहिली याचे कारण दरवेळी धर्मसिद्धान्तात शोधण्याची गरज नाही. बऱ्याचदा ते पाणवठ्यावर सापडते. मिशनरींना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ते कधीच गेले, आणि वाडे आम्ही राखले.

असे लिहिले की आमचे काही स्नेही अस्वस्थ होतात. “फादर, घरची लक्तरे वेशीवर का टांगता? आधीच बाहेर आपल्याकडे संशयाने पाहतात.” या मताविषयी आम्हांला सहानुभूती आहे, ते भयापोटी आलेले आहे आणि भय खोटे नाही. परंतु लक्तरे वेशीवर आम्हीच, तीही शपथपत्रावर, केव्हाच टांगलेली आहेत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये त्यांत शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. या सर्व ठिकाणी आपली बाजू एकच: बाप्तिस्म्याने जात सुटत नाही, दलित ख्रिस्ती माणसाला तिचे चटके बसतच राहतात. ही बाजू न्याय्य आहे आणि ती आम्ही शेवटपर्यंत मांडू. पण दिल्लीत जात आहे म्हणून साक्ष द्यायची आणि शिंदखेड्यात ‘आपल्यात जातबीत काही नाही’ म्हणून विषय बदलायचा, हे दोन्ही एका तोंडाने कसे बोलता येते? चटके बसतात म्हणतो, ते देतो कोण? केवळ बाहेरचेच?

आपल्या महागुरूंनी तरी हा विषय टाळलेला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे आगमनकाळातच, भारतीय कॅथलिक महागुरू परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. ख्रिस्तसभेतील अस्पृश्यता हे पाप आहे, हे त्याचे मर्म. २०२२ मध्ये हैदराबादचे महागुरू अँथनी पूला कार्डिनल झाले, दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, आणि वाटतानाही दोन फेऱ्या केल्या.

आपल्या खानदेशात याला आणखी एक पदर आहे. अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. त्यामुळे आदिवासी बांधवाचा दाखला बाप्तिस्म्यानंतरही टिकतो, आणि त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्याचा जातो. (आदिवासींचाही काढून घ्यावा अशी मागणी आता होऊ लागली आहे, ती निराळी चिंता.) मुलाच्या वसतिगृहाचा अर्ज भरताना हा फरक उघडा पडतो. एकाला वाटते, यांना सारे मिळते. दुसऱ्याला वाटते, हे आमच्यावर जळतात. कायद्याने पाडलेली ही भेग आमच्या हाती नाही. तिच्यात रोज पाणी मुरवीत राहणे मात्र आमच्या हाती आहे, आणि ते आम्ही मन लावून करतो.

आता शास्त्राकडे वळू. पौल करिंथकरांवर संतापला तो कोणत्या कारणासाठी? प्रभुभोजनाला जमल्यावर सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत, यासाठी. तुमचे एकत्र जमणे हितापेक्षा अहितच करते, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. करिंथकर निदान एका जागी जमत तरी होते.

१७ डिसेंबरला मिस्सेत येशूची वंशावळ वाचली जाते. नावांची ती लांबलचक यादी ऐकताना लोक चुळबुळ करतात, आणि पुष्कळदा आम्हीही ती भराभर उरकतो. तीत राहाब आहे, यरीहोची, परकी, आणि तिचा व्यवसाय सर्वांना माहीत आहे. तीत रूथ आहे, मवाबी. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही, असे नियमशास्त्र सांगत होते. आणि रूथचा पणतू दावीद राजा झाला! बवाजाच्या घरी त्या वेळी कोणी आजोबा खाटेवर बसलेले असते आणि त्यांचे ऐकले गेले असते, तर ती वंशावळ तिथेच खुंटली असती. आपण ज्याची वाट पाहतो आहोत तो तारणारा जातीबाहेरच्या लग्नांतून आलेला आहे. हे आम्ही प्रवचनात सांगितले नव्हते. यंदा सांगणार आहोत.

योहान बाप्तिस्त्याने यशयाच्या शब्दांत मार्ग तयार करावयास सांगितले, तेव्हा दोन कामे नेमून दिली: दरी भरायची आणि डोंगर उतरवायचा. प्रेमाविषयीच्या आमच्या प्रवचनांत नेमकी गफलत होते ती इथे. आम्ही दोन्ही वस्त्यांना सारख्याच सुरात ‘एकमेकांवर प्रेम करा’ असे सांगतो. पलीकडच्या वस्तीतील एका बाईंनी आम्हांला एकदा सुनावले, “फादर, आम्ही प्रेम करायचं म्हणजे गप्प बसायचं, असंच ना?” त्यांचे खरे आहे. ज्याच्या ओट्यावर चढण्याची दुसऱ्याला मनाई आहे त्याने पहिले पाऊल उचलायचे असते. डोंगराची समजूत काढण्याचे काम योहानाने दरीकडे दिलेले नाही. न्यायावाचून प्रेमाचा उपदेश म्हणजे ओल्या भिंतीला चुना. तरीही आम्ही न्यायापाशी थांबत नाही. न्याय दोघांना एका रांगेत बसवील. पण रांगेतल्या दोघांनी एकमेकांच्या घरचे सुखदुःख विचारावे, हे कोणत्याही आदेशाने होत नाही. तिथे ख्रिस्ताचे प्रेमच लागते, आणि ते महाग पडते.

काहींचे म्हणणे, काळाने आपोआप होईल. काळाने काय झाले? तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये बांधलेल्या भिंतीविषयी वाचून आम्ही हळहळतो. काळ त्या भिंतीच्या बाजूने वाहत गेला, ती त्याने पाडली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण पाहा. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या कित्येक दिवस सोवळ्याने वेगळे शिजवून खात. सोवळे गळून पडले ते दिवस गेले म्हणून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्या बाईने स्वतःला विचारला आणि उत्तर सापडताच शिवाशिव टाकली, बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. आमच्यापैकी पुष्कळांनी हा क्रम उलटा केला, आणि दुसरी पायरी राहूनच गेली.

आणि आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकविणारे साने गुरुजी! मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपवास केला. ते दार त्यांच्यासाठी बंद नव्हते. ते स्वतः केव्हाही आत जाऊ शकत होते. ख्रिस्ताचे नाव न लावणारा माणूस हे करतो, आणि ते नाव रोज उच्चारणारे आम्ही बाराच्या मिस्सेसाठी नाला ओलांडतो, याची आम्हांला लाज वाटते.

शुभवर्तमानात प्रभूने म्हटले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. म्हणून यंदाच्या आगमनकाळात त्या गावी एकच मिस्सा होईल, सकाळी दहा वाजता. ओटे आळीपाळीने; पहिला रविवार पलीकडच्या वस्तीचा. मिस्सेनंतर सर्वांनी तिथेच जेवायचे, कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि भाकरी दोन्हीकडच्या घरांतून यायची. काहींनी येणार नाही म्हणून कळविले आहे. एकाने आम्हांला महागुरूंकडे तक्रार करण्याची भीती घातली. तक्रारीत काय लिहिणार, हे वाचण्याची आम्हांला उत्सुकता आहे. नाल्याअलीकडच्या दोन बायकांनी मात्र पीठ आणून ठेवले, काही न बोलता.

आजोबांचा निरोप अजून आलेला नाही. परवा गुरुवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. या वेळी उपदेशाचे काही न्यायचे नाही असे ठरविले आहे. दोन मिस्सांबद्दल आम्हांला त्यांची क्षमा मागायची आहे, आणि त्यानंतर, त्यांनी बसू दिले तर, सुरतेहून आलेला त्यांच्या नातीचा फोटो दाखवायचा आहे.