घरसंसार : काचेवरचा पांढरा थर

भगिनींनो, गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या एक ताई संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसल्या. डोळे लाल झालेले, घसा बसलेला, आणि दोन वाक्ये बोलल्या की खोकला. त्या टॉवरमधल्या तीन घरांत धुणीभांडी आणि साफसफाई करतात. त्यातल्या एका घरी न्हाणीघरात आंघोळीसाठी काचेची खोली केली आहे. त्या काचेच्या दारावर पांढरट थर चढला होता. "मावशी, तुम्ही नीट घासतच नाही," असे मालकीणबाई रोज म्हणत. शेवटी ताईंनी संडासाचे अ‍ॅसिड काचेवर ओतले. तेवढ्याने भागेना म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. दार बंदच होते. क्षणात घसा आवळला. कशाबशा बाहेर आल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "डाग आहे तिथेच आहे."

आम्हांला राग आला. पण रागाने डाग जात नाही आणि खोकलाही थांबत नाही. आपल्या किती तरी बहिणी अशा घरांत, हॉटेलांत, इस्पितळांत साफसफाई करतात. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट, हा थर म्हणजे नुसता मळ नव्हे आणि तो काम करणारीचा आळसही नव्हे. जमिनीतल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ते जास्त असले की आपण त्याला जड पाणी म्हणतो. मुलांच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. साबण तेला-चरबीपासून बनतो. साबणातली ही चरबी आणि पाण्यातला चुना एकत्र आले की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तोच काचेवर, नळावर, बादलीच्या कडेला बसतो. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या इमारतींत हा त्रास जास्त.

पाणी जड आहे का, हे घरीच पाहता येते. बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवावे. भरपूर फेस आला आणि खालचे पाणी स्वच्छ राहिले, तर पाणी मऊ. फेस कमी आला आणि दही फुटल्यासारखे पांढरे कण दिसले, तर पाणी जड.

आता उपाय. हा थर जोर लावून जात नाही, तो भिजवावा लागतो. एक वाटी पांढरे व्हिनेगर घ्यावे. बाटली गरम पाण्यात थोडा वेळ उभी ठेवली तर ते कोमट होते. त्यात भांडी घासायचे लिक्विड दोन मोठे चमचे घालावे. व्हिनेगर चुन्याला सोडवते आणि लिक्विड चरबीला. काच उभी असल्यामुळे हे पाणी ओघळून जाते. म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे त्यात भिजवून काचेवर चिकटवावेत आणि वीस मिनिटे तसेच राहू द्यावेत. या वेळात दुसरे काम उरकावे. मग मऊ स्पंजने गोल-गोल घासून, भरपूर पाण्याने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसावे. थर जुना असेल तर हेच दोन-तीन दिवस करावे.

व्हिनेगर नसेल तर वाण्याकडचे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, चालते. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पुरे. पण लिंबूसत्व किंवा व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळू नये. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात. सोडा वापरायचाच तर काच धुतल्यावर, ओल्या फडक्यावर वेगळा घ्यावा. तारेची घासणी, ब्लेड, वाळू काचेला लावू नये. ओरखडे पडले की त्यांत पुढचा थर आणखी घट्ट बसतो.

एवढे करूनही पांढुरकेपणा राहिला, तर समजावे की वर्षानुवर्षे पाणी सुकून सुकून काचच खराब झाली आहे. ती घासून पहिल्यासारखी होत नाही. हे घरमालकिणीला स्पष्ट सांगावे. त्यात काम करणारीचा काही दोष नाही.

आपल्या घरच्या मोरीची गोष्ट मात्र वेगळी. शहाबादी आणि कोटा फरशी हा चुनखडीचाच दगड आहे, आणि संगमरवरही चुन्याचाच. अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू हे सगळे त्याला खातात. आम्ही स्वतः कित्येक वर्षे दिवाळीच्या आधी मोरीत अ‍ॅसिड ओतत होतो. फरशी खडबडीत होऊन जास्तच मळ धरू लागली, तेव्हा आमची चूक कळली. तिथे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासावे. सोडा हाताला झोंबतो, म्हणून रबरी मोजे घालावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. ब्लीचिंग पावडर असो की कपडे पांढरे करायचे ब्लीचचे पाणी, दोन्ही सारखेच. व्हिनेगरसुद्धा ब्लीचमध्ये मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्र येथे सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड आहे, म्हणून खालीच साचतो. मालकीण दारात उभी असते, पण खाली बसून फरशी घासणारीच्या नाकात तो आधी जातो.

असे कधी झालेच, तर काम तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे. भांडे उचलायलाही परत आत जाऊ नये. डोळे जळजळले किंवा अंगावर अ‍ॅसिड उडाले तर निदान वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याने धुवावे; त्यावर सोडा, लिंबू, हळद काही लावू नये. खोकला किंवा दम थांबत नसेल तर दवाखाना गाठावा. रात्री बरे वाटेल म्हणून वाट पाहू नये, कारण त्रास काही तासांनीही वाढतो.

शेवटी आम्ही ताईंना सांगितले तेच इथे सांगतो. काच त्यांची आहे, तर काच पुसण्याचे सामान आणि हातमोजेही त्यांनीच आणून द्यावेत. हे मागायला लाजू नये. आणि सांगावे, "मॅडम, आंघोळ झाली की काचेवरून एकदा वायपर फिरवा, दार उघडे ठेवा. पाणी सुकलेच नाही तर थर बसणार नाही." याला अर्धा मिनिटही लागत नाही.

ताईंना दवाखान्यात नेले, खोकला आठवड्याने गेला. काच तीन दिवस भिजवल्यावर बरीच उजळली. वरच्या कोपऱ्यातला एक डाग राहिला तो राहिलाच. तो काचेचा आहे, असे त्यांनी मालकीणबाईंना सांगितले. आता त्या घरी दाराला वायपर टांगलेला असतो.

भगिनींनो, काच बदलता येते. छाती बदलता येत नाही. एवढे जपा.