नोटरीच्या शिक्क्यावर जमीन घेऊ नका!

दवनीवाडा आणि परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

धान विकून हाती पैसा आला की बांध्यांचे आणि घराच्या प्लॉटचे सौदे सुरू होतात. त्यातला एखादा 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का एवढ्यावरच उरकला जातो. तुमचा सौदा असा ठरला असेल, तर पुढची रक्कम देण्याआधी थांबा, ही कळकळीची विनंती आहे.

नोटरीच्या शिक्क्याने जमीन तुमची होत नाही. 1952 च्या नोटरी कायद्यानुसार नोटरी सही आणि शपथ आपल्यासमोर झाल्याची साक्ष देतो. जमीन कोणाची, तिच्यावर सोसायटीचा बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा उरला आहे का, हे शिक्का सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. आज एवढ्या स्वस्तात एक धुराही मिळत नाही. म्हणून दुय्यम निबंधकाकडची रजिस्ट्री कोणालाच चुकत नाही.

रजिस्ट्री नसेल तर फेरफार होत नाही आणि सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. रोवणी तुम्ही करता, पण धान केंद्रावरची नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने होते. अतिवृष्टीची मदतही त्याच खात्यात जाते. विकणारा वारला की त्याच्या वारसांची नावे चढतात. त्यांनी तीच जमीन दुसऱ्याला रजिस्ट्री करून दिली, तर तुमच्या हाती फक्त दिवाणी दावा उरतो. पैसे पूर्ण दिलेल्या माणसावर ही वेळ येणे फार क्रूर आहे, आणि ती टाळता येते.

“तुकडा लहान आहे, रजिस्ट्री होत नाही, नोटरी करून घे,” असा सल्ला कोणी दिला तर सावध व्हा. कायद्याने अडलेला व्यवहार शिक्क्याने मोकळा होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागतेच.

मग नोटरी हवी कुठे? न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला ती चालते, मुखत्यारपत्राला तिचा पुराव्यात आधार होतो आणि बँक हमीपत्रावर तिची मागणी करते. मृत्युपत्राला मात्र ती सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. भाडेकराराचे उलट आहे. 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणीच करावी लागते.

दाखल्यांसाठी धावपळ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हेही ध्यानात ठेवावे. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलेले नसेल तेथे, शासकीय कामाला स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती चालतात. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क तर 2004 पासूनच माफ आहे. कोणी स्टॅम्पपेपर आणायला सांगितला, तर कोणत्या नियमाने ते आधी विचारा. मजुरीचा दिवस बुडवून गोंदियाला जाण्याआधी एवढे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

नोटरी करायचीच असेल तर स्वतः जा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मजकूर वाचता येत नसेल तर घरच्या माणसाकडून वाचून घ्या. नोटरीच्या रजिस्टरमध्ये सही करा आणि फीची पावती मागा.

ज्यांच्या पेटीत असा जुना कागद पडून आहे, त्यांनी विकणारा हयात आहे तोवर त्याला सोबत घेऊन रजिस्ट्रीच्या मागे लागावे. तो टाळाटाळ करत असेल तर वकिलाकडे लगेच जा, कारण दाव्यालाही मुदत असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि कमी उत्पन्नाची कुटुंबे यांना गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कायदेशीर मदतीचा फोन क्रमांक आहे 15100. आजच फोन करा.