खांबावर चढणाऱ्या वायरमनसाठी

मा. कार्यकारी अभियंता,
वीज वितरण विभाग



घरगुती जनरेटरच्या जोडण्या तपासा, हा आमचा अर्ज आपल्या कार्यालयात शिक्का खाऊन पडला आहे. त्यावर एकच उत्तर आले: ‘मीटरपुढील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची आहे.’ कागदावर ते बरोबर असेल. पण चुकीच्या जोडणीतला करंट मीटरपाशी थांबत नाही. तो मीटरमधून उलटा बाहेर पडतो आणि तुमच्याच खांबावर जातो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडची कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, तौक्ते आले. विहिरीचा पंप चालावा, फ्रीजमधली औषधे टिकावीत म्हणून लोकांनी पदरमोड करून जनरेटर घेतले. ते कसे जोडायचे हे सांगायला मात्र कोणीही आले नाही. मग दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवण्याची रीत पडली. आजही ती सर्रास चालू आहे आणि आपल्या सेक्शन ऑफिसला हे ठाऊक आहे.

या वायरीने काय होते, हे आपल्याला सांगावे लागते याचाच संताप येतो. मेन स्विच चालू राहिला की 230 व्होल्ट थेट लाइनवर. डीपीतला ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. डीपीचा फ्यूज काढलेला नसेल, तर पलीकडे 11 हजार व्होल्टच्या घरात दाब जाऊ शकतो. एरवी शेजारच्या घरांचा लोड अंगावर येऊन छोटा जनरेटर बंद पडतो. पण वादळात तार तुटून तुकड्यावर दोनचारच घरे उरतात, तेव्हा तो चालूच राहतो. नेमका त्याच तुकड्यावर, ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर, आपला वायरमन चढतो. माणसाला मारायला 230 व्होल्टच पुरतात.

यावरचा उपाय महाग नाही. घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच: सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. जनरेटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग. सुरू करताना आधी चेंजओव्हर जनरेटरवर, मग इंजिन बिनलोडवर काही मिनिटे, त्यानंतर एकेक उपकरण. पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून तो आधी आणि एकटा. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून, गार झाल्यावरच. आणि यंत्र पडवीत कधीच नाही: पावसाने भिजू नये म्हणून लोक ते तिथे ठेवतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर, वर चारही बाजूंनी उघडे छप्पर, एवढे पुरते.

हे सारे एका पानावर मावते. ते पान वीजबिलासोबत वाटणे आपल्याला जमले नाही. थकबाकीसाठी मात्र आपली माणसे दारोदार पोहोचतात. मीटर वाचणारा दर महिन्याला अंगणात येतो. जनरेटर आहे का, चेंजओव्हर आहे का, एवढी नोंद त्याला करता आली असती. आपण ती करून घेतली नाही. हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची किंमत आपल्याच खात्यातला सर्वांत कमी पगाराचा माणूस मोजणार आहे.

विद्युत अधिनियम 2003 चे कलम 161 अपघातानंतरच्या चौकशीचे आहे. आम्हाला तिथवर जायचे नाही. म्हणून मागण्या तीनच. जनरेटर असलेल्या प्रत्येक घराची नोंद आणि परवानाधारक ठेकेदाराकडून जोडणीची तपासणी. चेंजओव्हर नसेल तर तो बसेपर्यंत जनरेटर वापरू नये, अशी लेखी नोटीस. प्रत्येक वायरमनला टेस्टर, हातमोजे आणि अर्थिंग रॉड, शिवाय कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाइन अर्थ केल्याशिवाय खांबावर न चढण्याचा हक्क.

पावसाळा जूनमध्ये येतो. 31 मेपूर्वी आदेश काढा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

किनारपट्टीवरील एक वीजग्राहक