दारू सोडवण्याची गोळी चहातून देताय? आधी हे वाचा

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. हतबल झालेलं घर मग चहा-भाजीतून गोळी देऊ लागतं. ते जिवावर बेतू शकतं.

या उपचारात वापरलं जाणारं डायसल्फिराम दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. त्यावर दारू प्यायल्यास उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी घेतल्याचं ज्याला माहीतच नाही, तो दारू टाळणार कशी? म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच सुरू करतात.

कोंडून ठेवणंही तितकंच धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा वेळी दवाखानाच गाठायला हवा.

आणि घरच्यांचं काय? त्यांची झोप, भीती, लाज यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. पुण्यात १९८६मध्ये सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ पत्नींसोबतही काम करतं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो. पिणारा तयार नसला, तरी बायको किंवा आई स्वतःसाठी तिथे फोन करू शकते.