गोदाम बांधले, हवेचे काय?

धान्य साठवण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंती आणि छप्पर येते. किती गोदामे, किती टन, किती कोटी, याच भाषेत सरकार बोलते आणि विरोधकही त्याच भाषेत उत्तर देतात. ३१ मे २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकार क्षेत्रातील धान्य साठवणुकीच्या प्रचंड योजनेला मंजुरी दिली. पाच वर्षांत ७०० लाख टनांची क्षमता, असा तिचा आकडा. गावोगावच्या सोसायट्यांच्या दारात गोदामे उभी राहणार असतील तर त्याचे स्वागतच करायला हवे. पण आत गेलेला माल चार-सहा महिन्यांनी कोणत्या अवस्थेत बाहेर येणार, हा प्रश्न क्षमतेच्या आकड्याने सुटत नाही. तो सुटतो हवेने, आणि हवेचा विचार आपल्या गोदामांत जवळजवळ नसतोच.

धान्य जिवंत असते, ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक होती. ज्वारीचे पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून वारा खेळू द्यायचा, कंदील खाली सोडून तो विझतो का ते पाहायचे, मगच माणूस उतरायचा. घाई करणारे गुदमरून मेल्याच्या हकिगती अनेक गावांत आहेत. दाणा श्वास घेतो, प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पेवात तो साचून राही. त्याच कोंडलेल्या हवेत कीडही मरे आणि ज्वारी टिके. आजचे गोदाम मात्र ना पेवासारखे हवाबंद, ना खळ्यासारखे मोकळे.

दाणा श्वासाबरोबर उष्णता आणि पाणीही सोडतो. धान्याच्या ढिगातून उष्णता सहजी बाहेर पडत नाही. जिथे थोडा ओला माल किंवा काडीकचरा साचला, तिथे ढीग आतून तापतो, त्या उबेत कीड वाढते आणि किडीच्या श्वासाने ढीग आणखी तापतो. हिवाळ्यात दुसराच प्रकार घडतो. बाहेरचा थर गार पडतो, मधला भाग उबदार राहतो. मधली गरम हवा ओल घेऊन वर चढते आणि वरच्या गार थरात ती ओल सोडते. मग वरचा माल कुबट होतो, त्याचे गोळे बनतात, बुरशी धरते. मालकाला वाटते छप्पर गळले. पाणी आलेले असते धान्यातूनच.

यावरचा उपाय साधा आहे. ढिगाखाली छिद्रे पाडलेला पत्र्याचा नळ घालायचा, त्याच्या बाहेरच्या तोंडाला पंखा बसवायचा आणि बाहेरची हवा गार असेल त्या वेळी ती ढिगातून हळूहळू खेळवायची. दर टनाला मिनिटाला सुमारे शंभर लिटर हवा पुरते. एवढ्या हवेने सगळा ढीग गार व्हायला साधारण दीडशे तास लागतात. रात्री आठ तास पंखा चालवला तर तीन आठवड्यांच्या आत काम होते. शंभर टनांच्या बेताच्या उंचीच्या ढिगाला एक अश्वशक्तीची मोटर धरली, तरी खर्च शंभर-सव्वाशे युनिट विजेचा. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये क्विंटल या सोयाबीनच्या हमीभावाने त्या ढिगाची किंमत ५३ लाखांवर जाते. या दोन आकड्यांची तुलना वाचकांनीच करावी.

सोयाबीनचे उदाहरण मुद्दाम घेतले. लातूर असो, अकोला असो की वाशीम, सोयाबीन घरात येते दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि त्यानंतर येतात नोव्हेंबर ते जानेवारीच्या गार, कोरड्या रात्री. मराठवाडा-विदर्भात अनेकदा पारा पंधरा अंशांच्या खाली उतरतो, आणि त्या तापमानाला बहुतेक किडींची वाढ थांबते. ही थंडी फुकट मिळते. पाणी देण्यासाठी रात्रीची वीज म्हणजे शेतकऱ्याला शिक्षा. पंख्याला मात्र नेमकी तीच वेळ हवी. तुरीलाही हा हिशेब लागू पडतो. गहू-हरभरा उन्हाच्या तोंडावर येतो, त्याला हा लाभ कमी. म्हणून सुरुवात सोयाबीन-तुरीपासून करावी.

प्रश्न केवळ नासाडीचा नाही, सौदा करण्याच्या ताकदीचा आहे. १९५४ साली ग्रामीण पतपाहणी समितीने वखारींची शिफारस केली. गोरवाला तिचे अध्यक्ष आणि आपले धनंजयराव गाडगीळ एक सदस्य होते. सुगीला पडेल भावाने विकण्याची सक्ती संपावी, हा त्यामागचा विचार. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजनाही १९९०-९१ पासून याच हेतूने चालू झाली. पण तारण ठेवलेला माल तापला, कुबटला, तर थांबण्याचा फायदा कसला? मग शेतकरी ऑक्टोबरातच माल बाजारात आणतो आणि ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडून घेतो. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये, महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर नेली. सवलत मिळाली, माल ओलाच राहिला.

बियाण्याचे दुखणे तर याहून मोठे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळच्या पावसाने बी बिघडले होते, हे खरे. ते पंख्याने सुधारले नसते. पण चांगले बीसुद्धा ऊब आणि ओल यांनी मरते, आणि घरचे बी राखा असा उपदेश करणाऱ्यांनी ते कुठे आणि कसे राखायचे हेही सांगायला हवे.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पंखा म्हणजे वाळवणी यंत्र नव्हे; १५ टक्के ओलाव्याचा माल वाळवायला किमान दहापट हवा लागते. पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत पंखा सरसकट चालवला, तर कोरडा माल ओला होईल. म्हणून ढिगात तापमापक हवा, आणि पंखा केव्हा लावायचा आणि केव्हा बंद ठेवायचा हे जाणणारा माणूस हवा. शिवाय ही हवा सुट्या मालातून खेळते, पोत्यांच्या थप्पीतून तशी नाही. माल सुटा ठेवायचा म्हटले की हमालांच्या रोजगाराचा प्रश्न येतो. १९६९ चा माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने तो टाळू नये. चाळणी, ओलावा तपासणी आणि पंख्याची राखण ही कामे त्याच हातांना शिकवता येतील.

आज यातले काहीच केले नाही तर उरतात त्या धुरीच्या गोळ्या. वर्षानुवर्षे त्याच वायूवर विसंबल्याने तो सहन करणाऱ्या किडी देशात निपजल्या आहेत, आणि त्याच गोळ्या घरात ठेवल्याने माणसे दगावली आहेत. गार धान्याला धुरी कमी लागते.

म्हणून मागणी लहानच आहे. सोसायटीच्या प्रत्येक नव्या गोदामात निदान एक कप्पा सुट्या मालाचा असावा, त्याला पंखा, तापमापक आणि ओलावामापक असावा, आणि ते नसेल तर गोदाम पुरे झाल्याचा दाखला मिळू नये. फीत कापायला येणाऱ्या मंत्र्यांनीही भिंतीवरच्या पाटीआधी पंख्याचे बटण कुठे आहे, एवढे विचारावे.