चाकोरीतच बरे!

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १९४२ साली जनरल पॅटन यांनी रणगाड्यांचा सराव सुरू केला. त्या रणगाड्यांच्या खुणा तेथे अजूनही दिसतात! याचे कारण मातीत आहे. नीलहरित जीवाणूंच्या सूक्ष्म धाग्यांनी मातीचे कण बांधले जाऊन जमिनीवर पातळ खपली धरते. ती चाकाखाली फुटली की वारा माती उडवतो. दबलेल्या मातीत ना पाणी नीट मुरते, ना मुळे सहज शिरतात.

या वाळवंटात हौशी लोक जीपगाड्या, मोटारसायकली रस्ता सोडून पिटाळतात. अवघड उतारावर गाडी सावरणे हा पोरखेळ नव्हे, हे मान्य. परंतु 'नुसते वाळवंट तर आहे' हे समर्थन मला पटत नाही. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर अशा वाहनांसाठी वाटा व जागा ठरवून देण्याचा आदेश काढला, तो योग्यच होता. खडक, चढउतार आणि थरार त्या वाटांवरही असतोच.